भारनियमनचे तिघे

टेमघर, भिवंडी
१४ नोव्हेंबर २००६

अनिमेष,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. नवा कागद घ्यायचा कंटाळा आला म्हणून खोडलेलं तसंच ठेवलंय, बघून घे.

पत्र बघून हसला असशील. पण तू मोबाइलचा नंबर बदललास आणि ईमेल न उघडताच उडवतोस. पाकीट फेकून द्यायचं तर निदान हातात घ्यावं लागतं, आणि वर माझं अक्षर दिसलं की तुला उघडल्याशिवाय राहवणार नाही. पुण्याचा पत्ता सुचेताकाकूंनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस. आई आहे तुझी, पोस्टमन नाही, तरी तुझे निरोप पोचवत फिरते बिचारी.

तुझा निरोप त्यांनी दारातच सांगितला, चपला काढायच्या आधी. पुण्यात तुला नवी मुलं मिळाली आहेत, त्यांच्यातला एक खराखुरा ड्रम वाजवणारा आहे. जानेवारीत मुंबईच्या त्याच स्पर्धेत उतरणार, आणि नाव ‘भारनियमन’च ठेवणार. मी गायला यायचं. “आणि भावेशला म्हणावं, या वेळी राहू दे.” काकू इतकं गोड बोलतात की त्यांच्या तोंडून शिवीही गोड लागेल.

राहू दे म्हणजे काय रे? आपण तिघे आहोत. तू गिटार, मी गळा, भावेशदादा डीजेचं मशीन. तिघांतला एक राहू दे, आणि नाव मात्र तिघांचं घेऊन जातो? माझं उत्तर नाही असं आहे. पत्र इथेच संपवता आलं असतं, पण तू पुण्यात सगळ्यांना सांगत फिरतोस म्हणे, की गेल्या वर्षी एका डीजेने आमची वाट लावली. तर आता माझ्याकडून ऐक. तू तेव्हा मान खाली घालून पायाखालचे पेडल बघत होतास. मी समोर बघत होते.

कॉलेजचं मैदान, मेटलची स्पर्धा, सगळे काळ्या टी-शर्टवाले. प्रत्येक बँड एक गाणं वाजवायचा, थांबायचा, गिटारीचे कान पिळत बसायचा, पाणी प्यायचा. पोरं जांभया द्यायची. आपण चढलो आणि थांबलोच नाही, कारण आपल्याला थांबायची सवयच नव्हती. प्रितेशने ड्रम सोडून ठाण्याच्या कॉल सेंटरची ड्युटी धरली, त्यानंतर आपण दादाच्या गाळ्यात, त्याच्या हळदीच्या स्पीकरांच्या थप्प्यांमध्ये बसून सराव करायचो. तू गिटार लावायला एवढा वेळ घ्यायचास की वडापाव खाता खाता दादा एकदा वैतागला. “अन्या, किती टाईम लावतंस रं? एवढ्यात मांडव खाली होल ना!” आणि त्याने तुझ्या टुंगटुंगीखाली हळदीचा ठेका सोडला. तू शिव्या घालत त्याच्यावर वाजवायला लागलास, मी गुरगुरायला लागले, आणि वीज जाईपर्यंत कोणी थांबलं नाही. नावसुद्धा त्या वीज जाण्यावरूनच पडलं. असलं काही कोणी ऐकलेलं नाही, असं तू म्हणाला होतास. तुझेच शब्द आहेत, मी वाढवलेले नाहीत.

स्पर्धेत तो पोनीटेलवाला परीक्षक स्टेजसमोर आला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुल्या मारायला लागला. वेळ संपली, हे तुला कळलं, मला कळलं. दादाला कसं कळणार? हळदीत डीजे बंद करायचा हक्क एकट्या यजमानाचा. बाकी कोणी समोर येऊन हातवारे केले की समजायचं, पाव्हणा रंगात आलाय, आवाज वाढव. त्याने आयुष्यभर हेच केलंय. त्याने वाढवला. परीक्षक आणखी जोरात हात हलवायला लागला, तसा दादाने आणखी वाढवला, आणि वर माईकवर म्हणाला, “वा काका, एक नंबर!” अख्खं मैदान नाचत होतं, अनिमेष. आधी आपल्याला ‘गणपतीवाले’ म्हणून ओरडणारी तीच पोरं नाचत होती. शेवटी त्यांनी वायर ओढली. भारनियमनचं भारनियमन झालं म्हणून मी तर स्टेजवरच हसले.

बाद झालो. नियम होता, मोडला, बाद झालो, माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढची आहे. दादा टेम्पोत स्पीकर चढवत होता आणि तू आयोजकापुढे हात जोडून उभा होतास. “सर, वो हमारे बँड का नहीं है. भाडे पे लाया है.” मी तिथेच ओरडले, “हमारा ही है!” पण आयोजकाला तुझंच ऐकायचं होतं. पुढच्या वर्षी या, म्हणाला, उस को छोड के.

हे मी दादाला सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, त्याच्या चुकीने आपण बाद झालो आणि तू त्या रागात पुण्याला गेलास. वाटू दे. तू जे बोललास ते कळण्यापेक्षा ते बरं.

गळा शाबूत आहे, आणि तो इथेच राहणार आहे.

मृणाली

---

टेमघर
३ डिसेंबर २००६

अनिमेष,

उत्तर आलं. एका पानाचं का होईना, आलं. तू अजून ‘मृणाल’च लिहितोस, शेवटची वेलांटी खातोस. ते एक बरं वाटलं. बाकीचं वाचून मात्र पाय आपटले.

तू लिहितोस, मेटलला एक शिस्त असते, हळद म्हणजे कार्यक्रम नव्हे, आणि मी माझा गळा वाया घालवतेय. एकेक घेऊ.

शिस्त. काल्हेरला राघोशेठच्या मुलाची हळद होती. दिवेलागणीला आम्ही ट्रकवर चढलो आणि चढल्या चढल्या वीज गेली. जनरेटर चालू होईस्तोवर दादाने ढोल घेतला आणि सलग वाजवत राहिला. वीज आल्यावर ठेका जिथे होता तिथूनच मशीनवर उचलला, कोणाचा पाय चुकला नाही. तुझ्या त्या नव्या ड्रमवाल्याला सांग, हे करून दाखव. मग शिस्तीचं बोलू.

हळद म्हणजे कार्यक्रम नव्हे. बरोबर आहे, कार्यक्रमात लोक हाताची घडी घालून उभे असतात आणि मनात मार्क देतात. इथे पहिल्यांदा माझा आवाज ऐकून एका आजीने खरंच देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या गाण्याला तीच आजी पदर खोचून पुढे आली. पोरं ओरडत होती, “ए गिटारवाली, अजून जोरान!” हो, गिटारवाली. तू गेल्यावर गिटार कोण वाजवणार होतं? मीच वाजवते, एकीकडे गाते. तुझ्यासारखी येत नाही, सांगून टाकते. तुझी ती भराभर उतरत जाणारी सुरावट मला जमत नाही, तिथे मी एकच सूर घासत बसते आणि दादा खालून ठेका दुप्पट करतो. लोकांना वाटतं, ते तसंच आहे. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. बोटांचं काय झालंय ते विचारू नकोस. ऑफिसात कीबोर्डवर चलनं टाइप करताना कळतं.

आणि गळा. त्या हळदीला बाबा पाव्हणे म्हणून आलेले. मी ट्रकवर असणार हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं की मी मैत्रिणीकडे आहे, आणि तसं मीच सांगितलं होतं. पंढरीशेठची पोरगी माईकवर गुरगुरतेय आणि पंढरीशेठ हातात ताट घेऊन समोर उभे. मी डोळे मिटून घेतले आणि गाणं पुरं केलं. उतरले तर ते ट्रकच्या मागे आले. म्हणाले, “घसा दुखत नाय का गो?” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “दुखल कवातरी,” आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी ज्येष्ठमधाची काडी ठेवलेली होती. अजून रोज असते. माझ्याशी धड बोलत नाहीत, पण काडी ठेवतात. तर माझा गळा वाया जातोय की नाही, हे बाबा ठरवतील, मी ठरवीन. पुण्याहून कोणी ठरवू नये.

ठाण्याच्या पेपरचा एक मुलगा येऊन गेला, आमच्यावर चार ओळी लिहायला. त्याने काय विचारावं? “तुमचा ठेका पॉवरलूमच्या खटखटीतून सुचला का?” भिवंडीचं नाव घेतलं की सगळ्यांना तेच सुचतं. दादा म्हणाला, “भाऊ, लूम निजामपुऱ्यात. हा गाला हाय तिथं आमच्या म्हशी बांधायच्या. आनि लूमवर कोन नाचतं का?” त्या बिचाऱ्याने वही मिटली.

तुझा गिटारचा अँप अजून गाळ्यात आहे. दादाने त्याला प्लॅस्टिक बांधून ठेवलंय आणि त्याच्यावर कोणाला चहासुद्धा ठेवू देत नाही. “अन्याचा हाय तो. येल तवा लागल.” मी त्याला काय सांगू, ते तूच कळव.

तुझी नाही, बँडची,
मृणाली

---

टेमघर
२२ डिसेंबर २००६

अनिमेष,

तू त्याला फोन केलास. मी नाही म्हणाले तर सरळ माझ्या मागून त्याला गाठलंस. हुशार आहेस, तुला पहिल्यापासून माहीत आहे की भावेश नावाच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. लोक त्याचे पैसे बुडवतात आणि वर पुढच्या हळदीला त्यालाच बोलावतात, तोही जातो.

मी गाळ्यात गेले तर माझ्या आधी तोच सुरू झाला. “अन्याचा फोन आल्ता! नाव मागतं. बोललो, घेऊन जा. आपन काय त्याच्यावर घर बांधनार?” आनंदाने सांगत होता रे. तुझा फोन आला, एवढ्यानेच त्याचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, “आणि तुझं काय?” तर म्हणतो, “माझ्यामुलं तुमचा नंबर गेलाय गो. मी त्या काकाला वलखला नाय. आता माझ्यापायी परत नको. तू पन जा. ह्या टायमाला जिंकून या.” वर तुला विचारायला सांगितलंय, की मुंबईला मोठे स्पीकर लागत असतील तर टेम्पो घेऊन येतो, स्टेजच्या जवळपास फिरकणार नाही, खाली गाडीतच बसेन.

गाडीतच बसेन म्हणाला. हे वाक्य तू नीट वाचावंस म्हणून मी पेन दाबून लिहिलंय.

आयोजकांना तिघांपैकी दोघांचा होकार पुरेसा आहे, असं तू त्याला सांगितलंस. म्हणजे तुझा आणि त्याचा. माझी गरज नाही, मी आले तर बरं, नाही आले तरी चालेल. छान. ज्याला तू आपला मानला नाहीस, त्याचंच मत मोजून नाव नेतोयस. मतापुरता तो बँडचा, बाकी भाड्याचा?

माझ्याकडे आता एकच गोष्ट उरली आहे, जी मी वर्षभर तोंडात धरून ठेवली. ती त्याला सांगितली तर नाव वाचेल आणि त्याचं मन मोडेल. नाही सांगितली तर तो आयुष्यभर स्वतःला गुन्हेगार समजून टेम्पोत बसेल. असला हिशोब करायची पाळी माझ्यावर आणलीस म्हणून मला तुझा सगळ्यात जास्त राग आहे. बाद होण्याचा नव्हता, पुण्याला जाण्याचाही नव्हता. 

तुला अजून वेळ आहे. तूच त्याला सांग. फोन तर करता येतो तुला.

मृणाली

---

टेमघर
९ जानेवारी २००७

अनिमेष,

तू सांगितलं नाहीस. मी वाट बघितली, मग मी सांगितलं.

दुपारची वेळ होती. दादा गाळ्याच्या दारात उन्हात बसून केबल गुंडाळत होता. कोपरातून अंगठ्यात, अंगठ्यातून कोपरात, तो कशी गुंडाळतो ते तुला माहीत आहे. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. मैदान, आयोजक, तुझे जोडलेले हात, तुझं वाक्य जसंच्या तसं. मीठमिरची लावली नाही, गरजच नव्हती.

तो गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “कितीला?”

मी म्हटलं, “काय कितीला?”

“भाड्यानं आनलाय बोलला ना. भाडा किती सांगितलान?”

मी म्हटलं, आकडा काही सांगितला नव्हता. त्यावर तो मोठ्याने हसला. म्हणाला, “म्हंजे फुकटचा भाड्याचा!” हसत हसत उठला आणि मागे स्पीकरांच्या थप्पीआड गेला. तिथे एका वायरीला काहीच झालेलं नव्हतं, ती तो बराच वेळ तपासत होता. मी हलले नाही. मला त्याच्या मागे जायला हवं होतं की नको, हे मला अजून कळलेलं नाही.

बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाला, “फोन लाव त्याला.”

पुढचं अर्धं तुला माहीत आहे. दुसरं अर्धं माझ्याकडून घे. मी त्याच्या शेजारी उभी होते. तो तुझ्यावर एकदाही चढ्या आवाजात बोलला नाही. “अन्या, नावाचा बोललो होतो, ते न्हाय जमनार. राग न्हाय रं. पन नाव तिघांचा हाय.” मग तू काहीतरी लांबलचक बोलत होतास, परीक्षक, संधी, वगैरे असणार. तो ऐकत होता, हूं हूं करत होता. मग म्हणाला, “ता सगला बरोबर हाय. एकच सांग मना. मी बँडचा होतो क नव्हतो?”

तू काही बोलला नाहीस.

तो तसाच फोन कानाला लावून उभा होता. “हॅलो” म्हणाला नाही, लाइन तुटली का बघितलं नाही. तुझा श्वास ऐकू येत असेल त्याला. मला बाजूने काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेवढ्यावरून मला कळलं. एक ‘होतास’ म्हणायचं होतं, अनिमेष. तेवढं तू म्हणाला असतास तर त्याने नाव दिलं असतं, स्पीकर दिले असते, स्वतः टेम्पो चालवत आणून दिले असते आणि मी कपाळावर हात मारून तुझ्या मागे गायला आले असते. मूर्ख माणसा, एका शब्दात सगळं मिळत होतं तुला.

फोन त्यानेच बंद केला. मग तुझ्या अँपचं प्लॅस्टिक काढलं, फडक्याने पुसला, टेम्पोत चढवला आणि संध्याकाळच्या आत सुचेताकाकूंच्या दारात नेऊन ठेवला. काकूंना म्हणाला, अनिमेषला लागेल स्पर्धेला. त्यांनी त्याला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही.

आता माझं. मी तुला लिहीत होते की मला यायचंच नाही, नाव घेऊ नकोस, तोंड दाखवू नकोस. खोटं होतं. पहिल्या पत्राच्या आधीच मी ऑफिसात स्पर्धेच्या दिवसाची रजा टाकली होती. ठाण्याहून काळे बूट आणले होते, आईला कळू नये म्हणून तांदळाच्या पिंपामागे लपवले होते. मला ते स्टेज हवं होतं. अजून हवं आहे. तुझी गिटार आणि माझा आवाज एकत्र यायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा, तसा आता येत नाही, आणि मी काल रात्री त्या बुटांकडे बघून पोटभर रडले. त्या स्टेजसाठी रडले, गैरसमज नको.

पण दादाला खाली गाडीत बसवून त्याच्या नावाखाली मी वर गायले असते ना, तर मला स्वतःचा आवाज पुन्हा ऐकवला नसता. वीस जानेवारीला कोन गावाला हळद आहे. मी बूट तिथे घालणार आहे. चिखल, तेल, हळद, जे काय लागेल ते लागू दे.

तू दुसऱ्या नावाने जा. चांगलं वाजव. वाईट वाजवलंस तर मला आणखी राग येईल.

मृणाली

---

टेमघर
११ एप्रिल २००७

अनिमेष,

तिसरा नंबर आल्याचे पेढे सुचेताकाकूंनी जानेवारीतच आणून दिले होते. दादाने दोन खाल्ले, मीही खाल्ला. नवं नाव इंग्रजी आहे, मला नीट उच्चारता येत नाही, पण ते तुझं स्वतःचं आहे. त्याबद्दल मनापासून अभिनंदन. उपरोध नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्या दिवशी फोनवर तुझ्या तोंडातून शब्द का फुटला नाही, ते तू लिहिलंयस. नवी मुलं खोलीत होती, तुला त्यांची लाज वाटली. मला ते पटलं. माफ मात्र केलेलं नाही, पटणं आणि माफ करणं माझ्याकडे वेगवेगळ्या खणात असतं. पत्राची ती बाजू मी दादाला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, “लाज वाटली तर वाटली. आता लिवला ना त्यानं.” तो असाच आहे. मी तशी नाही, म्हणून पत्रं मी लिहिते.

आमचं विचारलं आहेस. या सीझनला रविवार रिकामा गेलेला नाही. एका गावात म्हाताऱ्यांनी आम्हाला गावाबाहेर काढायची धमकी दिली आणि त्यांच्याच नातवंडांनी दुसऱ्या आठवड्यात बोलावलं. गिटार मला आता जमते. तुझी ती उतरत जाणारी सुरावटही येते, पण मी ती मुद्दाम वाजवत नाही. ती तुझी होती. एकच सूर घासणं आता आमचं झालंय.

आणि बातमी. भावेशदादाचं लग्न ठरलं. काल्हेरची रुचिका. त्या राघोशेठच्या हळदीला ट्रकसमोर नाचता नाचता तिने वर ओरडून त्याला सांगितलं होतं की ठेका ढिला पडतोय. तेव्हाच हा गेला कामातून. २८ एप्रिलला संध्याकाळी आमच्या अंगणात हळद, दुसऱ्या दिवशी लग्न.

घरात त्यावरून रणकंदन माजलंय. दादाच्या हळदीला वाजवणार कोण? तो म्हणतो, मीच. पुतळाबाई, म्हणजे माझी काकू, त्याची आई, कपाळ बडवून घेतेय. “नवऱ्यान पाटावर बसाचा का मशीनीवर? हाताला हलद, त्या हातानं वायरी धरनार? शाक लागून मरशील!” चार दिवस अबोला. शेवटी मी तोडगा काढला. पाट ट्रकवर चढवायचा, मशीनच्या मागे. नवरा पाटावर बसेल, बायका शिडीने वर येऊन हळद लावून जातील, आणि त्याचे हात मशीनवर राहतील. मशीनला प्लॅस्टिक. काकू तयार झाली, पण तिने अट घातली की हळद लावून होईस्तोवर माझं गुरगुरणं बंद. मी मान्य केलं. बाबांनी मध्येच तोंड घातलं, “तिला गाऊ दे गो, लोक तिलाच ऐकाया येतान.” मी आत जाऊन पाणी प्यायले.

आता तू पत्राच्या शेवटी जे विचारलंयस ते. तुला या हळदीबद्दल सुचेताकाकूंकडून आधीच कळलंय, आणि तू लिहितोस की गिटार घेऊन येऊ का, फक्त त्या दिवसापुरतं, पहिल्यासारखे तिघे. ते वाचलं आणि, खोटं कशाला बोलू, मी मनात हो म्हणून टाकलं होतं. पण उत्तर देणं माझ्या एकटीच्या हातात नव्हतं, म्हणून कागद घेऊन गाळ्यात गेले आणि दादाला विचारलं.

तो सोल्डरिंग करत होता, ते पुरं केलं, वायर फुंकून थंड केली. मग म्हणाला, “लिव. अन्या, हलदीला ये. आईला घेऊन ये. जेवाया ये, पोटभर नाच, माझ्या तोंडाला हलद लाव. पाव्हना म्हनून ये. वाजवाया आमी दोघा हाव.”

मी विचारलं, एवढंच लिहू?

म्हणाला, “एवढाच लिव.”

भावेश आणि मृणाली
भारनियमन